प्रतिसाद: ‘सेटल्ड’ शेरा सात वर्षांनी आपोआप जातो का?

“सात वर्षं थांबा, जुनं थकलेलं कर्ज क्रेडिट अहवालातून, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींतून, आपोआप जाईल,” हा वरचा सल्ला मला पटत नाही. नियमांतली सात वर्षं ही माहिती किमान तेवढी जपायची म्हणून आहेत, ती पुसायची मुदत नव्हे.

माझ्या धाकट्या भावाची कळंगुटला टुरिस्ट टॅक्सी. 2020 मध्ये पर्यटक बंद, हप्ते थकले, शेवटी तडजोड करून साठ हजार माफ करून घेतले, म्हणून अहवालात ‘सेटल्ड’, म्हणजे कमी पैशांत मिटवलं, असा शेरा आला. पुढे म्हापशात घरकर्जाला गेला, तर बँकेच्या साहेबांनी क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीचे गुण) बघितलाच नाही, थेट ‘सेटल्ड’ या शब्दावर बोट ठेवलं. मग त्याने ते साठ हजारही भरले, थकबाकी नसल्याचा दाखला घेतला, तेव्हा कुठे ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’, म्हणजे पूर्ण फेडलं, असं झालं. जिवावर आलं होतं, पण बरं केलं. स्कोअर लगेच चढला नाही. मुदत ठेव तारण ठेवून घेतलेल्या क्रेडिट कार्डाचं बिल वर्षभर वेळेत भरलं, तसा सरकत गेला.

या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. चारही काढाच, आमची दुरुस्ती एकीकडे राहूनच गेली होती. अहवालातल्या चुकीची तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर 2024 पासून दिवसाला 100 रुपये भरपाई आहे, तीही मागा.