६.५ क्रीडमूरसाठी सीटिंग डाय कोणती घ्यावी?

ओहायोकर:
मी अमेरिकेत राहतो आणि ६.५ क्रीडमूर या काडतुसाच्या बोल्ट रायफलने ६०० यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो. काडतुसे घरीच भरतो. संचासोबत आलेल्या साध्या सीटिंग डायने (केसच्या, म्हणजे पितळी नळकांड्याच्या, तोंडात गोळी दाबून बसवणाऱ्या साच्याने) बसवलेल्या १४० ग्रेन वजनाच्या लांब, निमुळत्या गोळ्यांची केसच्या बुडापासून ओजाइव्हपर्यंतची (गोळीच्या टोकाकडच्या वक्र भागापर्यंतची) लांबी कंपॅरेटर या मापन-साधनावर तीन-चार हजारांश इंचांनी कमीजास्त भरते. अशा वेळी मायक्रोमीटरची रेडिंग किंवा फॉर्स्टर डाय घ्यावी, की आर्बर प्रेसवरची (हाताने दाबायच्या छोट्या प्रेसवरची) विल्सन, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_रीलोडर:
मायक्रोमीटरमुळे लांबी एकसारखी होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे; त्याचा उपयोग एवढाच, की गोळी बदलल्यावर स्टेम (डायमधला गोळीला खाली दाबणारा दांडा) हजारांश इंचाच्या हिशेबाने हलवता येतो आणि नोंदवून ठेवलेल्या आकड्यावर पुन्हा आणता येतो. आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा स्टेममध्ये आहे. साध्या स्टेमची खोबण उथळ असली, तर लांब गोळीचे टोकच तिच्या तळाला टेकते, आणि टोकांची लांबी एकाच डब्यातल्या गोळ्यांतही सारखी नसल्याने तोच फरक ओजाइव्हच्या मापात उतरतो. गोळीला मार्करची शाई लावून ती बसवावी: शाई टोकावर पुसली गेली, तर नवी डाय घेण्यापूर्वी त्याच डायसाठी निमुळत्या गोळ्यांचा स्टेम मिळतो का, ते पाहावे. तो पुष्कळ स्वस्त पडतो.

बेंचरेस्टप्रेमी:
वरील मताशी सहमत आहे, तरीही नवी डाय घ्यायचीच असेल, तर मी स्लीव्हची डाय सुचवेन. रेडिंगची कॉम्पिटिशन आणि फॉर्स्टरची अल्ट्रा या दोन्हींत चेंबरच्या (रायफलमध्ये काडतूस बसते त्या पोकळीच्या) मापाची सरकती स्लीव्ह, म्हणजे नळी, असते, जी गोळी केसच्या मानेत (गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडात) शिरण्यापूर्वीच केस आणि गोळी दोघांनाही एका रेषेत धरते. साध्या डायमध्ये हा आधार बराच सैल असतो. विल्सनची इनलाइन डाय अप्रतिम आहे, परंतु तिच्यासाठी आर्बर प्रेस वेगळा घ्यावा लागतो आणि कामही सावकाश होते, म्हणून रेंजवर बसून काडतुसे भरणाऱ्या बेंचरेस्टवाल्यांनाच (टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा करणाऱ्यांनाच) ती अधिक शोभते. मात्र रनआउटचा (गोळी केसच्या मध्यरेषेत नसण्याचा) दोष सरसकट सीटिंग डायवर टाकू नये. सायझिंग करताना (वापरलेली केस पुन्हा मापात आणताना) एक्स्पांडर बॉल, म्हणजे मान आतून रुंद करणारा गोळा, मानेतून ओढला जातो तेव्हाच मान वाकडी झाली असेल, तर कितीही महागडी सीटिंग डाय ती सरळ करू शकत नाही.

ओहायोकर:
शाईची खूण टोकाजवळच उमटली, त्यामुळे स्टेम मागवतो आहे. गोळी बसताना तिच्याखालचा माझा पावडरचा भार किंचित दाबला जातो. स्लीव्हच्या डायला तो चालेल का?

जुना_रीलोडर:
दाबल्या जाणाऱ्या भारासाठी मी ती वापरणार नाही. पावडर गोळीला उलट रेटते, त्या जोराने स्टेमची पातळ कड गोळीच्या जॅकेटवर (बाहेरच्या धातूच्या आवरणावर) गोलाकार वळ उमटवते आणि काही वेळा स्टेमही फाकतो. मानेची पकड जास्त असली, तरी हेच घडते. भार रीलोडिंग मॅन्युअलच्या (काडतुसे भरण्याच्या माहितीपुस्तकाच्या) मर्यादेत असेल, तर कमी जागा व्यापणारी पावडर निवडून त्याच मॅन्युअलमधल्या तिच्या सुरुवातीच्या भारापासून चाचणी घ्यावी. आणि नवा स्टेम आला की जुने माप गृहीत धरू नये: गोळी आधीपेक्षा बाहेर राहून रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) टेकली, तर दाब वाढतो. म्हणून पहिले काडतूस पावडर व प्रायमरशिवाय जुळवून मोजावे.