मदत हवी आहे: केटरिंगच्या भट्टीला शेतातलं सरपण वर्षभर पुरेल का? (बडोदा)

नमस्कार मंडळी,

दांडिया बाजारात आमचं घरगुती केटरिंग आहे. मुंजी, डोहाळजेवणं, गणपतीतल्या पंगती. मसालेभाताची आणि आमटीची मोठी पातेली १९ किलोच्या सिलिंडरवर चढतात. वाघोडियाकडे सासऱ्यांची जमीन आहे. तिथे बांधावर सुबाभूळ आणि निलगिरी, कोपऱ्यात गांडो बावळ (वेडी बाभूळ) माजलेला. सासरे म्हणतात, "घरचं सरपण असताना गॅसला पैसे कशाला? तोडलं तरी परत वाढतंच की."

मी हिशेब मांडला. एका सिलिंडरमध्ये साधारण दोन लाख किलोकॅलरी. वाळक्या लाकडात किलोला साडेतीन हजार धरल्या, तर साठेक किलोत एक सिलिंडर! इतकं सोपं असतं तर सगळेच आचारी लाकडावर गेले असते. कुठे चुकतंय? आणि बांधावरची झाडं अशी किती वर्षं पुरतील?

— पंगत

बॉयलरवाला: ताई, हिशेब बरोबर आहे, पण उष्णता पातेल्याला किती लागते तेही धरा. गॅसच्या शेगडीत साठेक टक्के लागते, उघड्या भट्टीत दहा-पंधरा. बाकीची आचाऱ्याच्या तोंडावर. म्हणजे साठचे अडीचशे-साडेतीनशे किलो झाले. खाली जाळी, बाजूने बंदिस्त आणि धुराडं असलेली भट्टी बांधलीत तर निम्म्यावर येईल.

तेही लाकूड वाळलेलं असेल तर. ताज्या तोडीत जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं, ते उकळण्यातच आच जाते आणि धूर डोळ्यांत. थंडीत तोडा, लगेच फोडा, विटांवर रचा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. वाळलेली टणटणते, ओली थपकन वाजते. टोकांना चिरा पडल्या आणि साल सुटायला लागली की जाळायला घ्या.

बांधावरून: सासरेबुवा अर्धे बरोबर आहेत. वाढतं ते खरं, पण वर्षाला जेवढं वाढतं तेवढंच काढलं तर. बांधाचे चार भाग पाडा, दरवर्षी एकच तोडा. सुबाभूळ आणि निलगिरी दोन्ही खुंटातून फुटतात, फुटव्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढा. सगळं एकदम तोडलंत तर एक वर्ष चैन, मग तीन वर्षं वखारीतून विकत.

निलगिरी वाढवू नका असं माझं मत. ऐंशीच्या दशकात गुजरातेत इतकी लावली की पुढे भावच पडला, आणि शेजारच्या पिकाचं पाणी ओढते ते वेगळंच. गांडो बावळ जळतो झकास, पण काटे टायरसुद्धा सोडत नाहीत. साग, शिसम, महुडा (मोह) यांना मात्र परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका. बाकीच्या झाडांचंही तोडीआधी वनखात्यात विचारून घ्या.

पंगत: दोघांचेही आभार! म्हणजे या थंडीत तोडलं तरी पुढच्या लग्नसराईलाच हाती येणार. पण दांडिया बाजारात दाटीवाटीची घरं, शेजारी धूर कसा चालवून घेतील?

बॉयलरवाला: नाहीच घेणार. गावात गॅसच ठेवा. शेतावरच्या किंवा मोकळ्या मैदानातल्या पंगतींनाच भट्टी लावा. आणि पावसाळ्यात सरपण कमी पडलं तर व्हाइट कोल बघा, भुईमुगाची टरफलं आणि लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या. आमच्या बॉयलरला त्याच जातात. मात्र पाणी लागलं की भुगा होतो, म्हणून पोती जमिनीवर ठेवू नका.