एटीएफ आणि फिल्टर बदलल्यानंतर गिअर उशिरा पडतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस वाढते

प्रश्न

माझ्या गाडीला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेला सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याचे ऑइल म्हणजे एटीएफ, फिल्टर आणि पॅनचे गॅस्केट नुकतेच बदलून घेतले. त्याआधी गिअर बदलण्यात कोणताही दोष नव्हता; केवळ देखभाल म्हणून हे काम केले. आता थंड गाडी सुरू करून लिव्हर ‘डी’मध्ये टाकला की गिअर पडायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनची रेस क्षणभर वाढून मग झटक्याने गिअर लागतो. गाडी चांगली तापल्यावर त्रास बराच कमी होतो. डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागलेला नाही. गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. जेवढे ऑइल निघाले तेवढेच मोजून भरले, असे काम करणाऱ्यांनी सांगितले. आता गिअरबॉक्स उघडावा लागेल, असेही तेच सांगत आहेत. त्याआधी काय तपासावे, आणि तोपर्यंत गाडी चालवावी का?

पहिले उत्तर

गिअरबॉक्स उघडू देऊ नका. कामाआधी ठीक असलेला गिअरबॉक्स कामानंतर लगेच बिघडला असेल, तर कारण आधी त्या कामातच शोधले पाहिजे, आणि तुमची लक्षणे ऑइलची पातळी कमी असल्याकडे स्पष्ट बोट दाखवतात. थंड ऑइलचे आकारमान कमी असते, त्यामुळे पातळी आणखी खाली जाते, पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि हवा मिसळलेल्या ऑइलला पुरेसा दाब धरता येत नाही. गिअरबॉक्समधील क्लच, म्हणजे ऑइलच्या दाबाने गिअर पकडणाऱ्या घर्षणपट्ट्या, दाबणारा पिस्टन भरायला वेळ लागतो. तोच उशीर तुम्हाला ‘डी’मध्ये टाकताना जाणवतो, आणि गिअर बदलताना जुना क्लच सुटला पण नवा अजून पकडला नाही, या मधल्या क्षणी रेस वाढते. तापल्यावर ऑइल प्रसरण पावते, पातळी वर येते आणि त्रास घटतो.

‘निघाले तेवढे भरले’ ही पद्धत विश्वासार्ह नाही. पॅन काढताना काही ऑइल सांडते, जुन्या फिल्टरमध्ये काही राहून जाते, आणि आधीची पातळी बरोबर होती याची खात्री कोणी केलेली नसते. शिवाय तापमानात ५० अंशांचा फरक असेल तर ऑइलच्या आकारमानात साधारण ४ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे गरम काढलेले आणि थंड भरलेले ऑइल मापात सारखे दिसले तरी प्रत्यक्षात सारखे नसते.

डिपस्टिक नसलेल्या बहुतेक गिअरबॉक्सची पातळी ओव्हरफ्लो प्लगने, म्हणजे जादा ऑइल बाहेर पडू देणाऱ्या छिद्राच्या बुचाने, पाहतात. गाडी चारही चाकांवर समपातळीत उचललेली हवी, इंजिन चालू हवे, आणि ऑइलचे तापमान स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणावर) वाचलेले हवे, हाताच्या अंदाजाने नव्हे. अनेक उत्पादक ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यानचा एखादा छोटा टप्पा ठरवून देतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थितीत काही सेकंद ठेवावा, परत ‘पी’मध्ये आणावा आणि त्या ठरलेल्या तापमानाला प्लग उघडावा. बारीक धार किंवा थेंब आले तर पातळी बरोबर आहे. काहीच आले नाही तर धार लागेपर्यंत ऑइल भरावे लागते. इंजिन बंद करून ही तपासणी कधीही करू नये, कारण तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमधले काही ऑइल पॅनमध्ये उतरते आणि पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका. क्लच घसरत असताना चालवलेले प्रत्येक अंतर त्याच्या घर्षणपट्ट्या जाळत असते.

दुसरे उत्तर

पातळीबाबत मी सहमत आहे, परंतु ती बरोबर निघाली तर पुढचा संशय फिल्टरच्या गळ्यातील सीलवर घ्यावा. फिल्टर काढताना जुने सील पुष्कळदा वर छिद्रातच अडकून राहते. त्यावर नवे सील दाबले तर फिल्टर पूर्ण बसत नाही, आणि सील वाकडे बसले तर पंप तिथून हवा ओढतो. अशा वेळी पातळी अचूक असूनही कमी ऑइलचीच लक्षणे दिसतात. काही गिअरबॉक्सच्या पॅनला उथळ आणि खोल असे दोन प्रकार असतात आणि त्यांचे फिल्टरही वेगळे असतात, म्हणून सुट्या भागाचा क्रमांक गाडीच्या चॅसिस क्रमांकाशी ताडून पाहावा.

पॅन पुन्हा उतरवावाच लागला तर आतील वायरिंगचा कनेक्टर नीट बसला आहे का हेही पाहून घ्यावे. पॅनमधील चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणे सामान्य आहे; बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा काळ्या घर्षणद्रव्याचा जाड थर दिसला, तरच आतील झिजेची चर्चा सुरू करावी.

तिसरे उत्तर

भरलेल्या ऑइलचा डबा किंवा बिल मागून घ्या. डेक्सरॉन ६, मर्कॉन एलव्ही, टोयोटा डब्ल्यूएस, एटीएफ प्लस ४ ही सर्व एटीएफच असली तरी त्यांचा चिकटपणा आणि घर्षणगुण सारखे असतीलच असे नाही, आणि ‘सगळ्या गाड्यांना चालते’ या शब्दांवर मी तरी गिअरबॉक्स सोपवणार नाही. ऑइल चुकीचे निघाले, तर एकदा काढून भरल्याने काम होत नाही. पॅनमधून बहुधा निम्म्याच्या आसपास ऑइल निघते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते; निम्मे निघते असे धरले तर दुसऱ्या फेरीनंतर ७५ टक्के आणि तिसरीनंतर सुमारे ८७ टक्के ऑइल बदललेले असते.

दिवा लागला नाही म्हणून गाडीच्या संगणकात बिघाडाचे कोड नाहीत असे समजू नका. इंजिनचा नव्हे, ट्रान्समिशनचा कंट्रोल युनिट वाचणारा स्कॅनर लावा. पी०७३० हा गिअरचे गुणोत्तर चुकल्याचा कोड तिथे साठवलेला सापडू शकतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दुसऱ्या कार्यशाळेत सांगितल्याप्रमाणे पातळी पाहिली. मॅन्युअलमधील तापमानाला प्लग उघडल्यावर एक थेंबही आला नाही. धार लागेपर्यंत अर्ध्या लिटरहून अधिक ऑइल गेले. ऑइलचा प्रकार मॅन्युअलप्रमाणेच आहे आणि कोड नाहीत. थंड गाडीतही गिअर आता ताबडतोब पडतो आणि रेस वाढत नाही. मात्र दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हलका झटका अजून बसतो. हे फिल्टरच्या सीलमुळे असेल का?

पहिले उत्तर देणाऱ्याकडून

तसे वाटत नाही. सीलमधून हवा जात असती तर थंडीतला उशीर राहिला असता. कंट्रोल युनिट प्रत्येक शिफ्टचा वेळ मोजून क्लच भरण्याचा दाब स्वतः जुळवून घेत असतो. ऑइल कमी असताना क्लच उशिरा पकडत होता, म्हणून त्याने दाब वाढवून ठेवला असावा, आणि पातळी योग्य झाल्यावर तोच वाढीव दाब आता झटका देत असावा. स्कॅनरने हे अनुकूलन पुसून घ्या. त्यानंतर ऑइल पूर्ण तापू द्या, एक्सलरेटर हलका आणि स्थिर ठेवून सर्व गिअर पार करा, मग ब्रेकवर जोर न देता गाडी हळूहळू थांबवा आणि हा क्रम अनेकदा करा. काही गाड्यांमध्ये यासाठी ठरावीक पद्धत दिलेली असते. ती असेल तर तीच पाळा. त्यानंतरही झटका कायम राहिला किंवा गरम गाडीत रेस पुन्हा वाढू लागली, तर आधी लाइन प्रेशर, म्हणजे पंपाने तयार केलेला ऑइलचा मुख्य दाब, गेजवर मोजून घ्या आणि तो आकडा हाती आल्यावरच गिअरबॉक्स उघडण्याचा निर्णय घ्या.