मदत हवी आहे: वजन उतरावं म्हणून मुलाला वर्षभर गावी ठेवावं का?

नमस्कार मंडळी,

जूनच्या आत निर्णय घ्यायचाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

लेक नऊ वर्षांचा. आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो. त्याची उंची १३४ सेंमी, वजन ४४ किलो. परवा खोकल्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, तर त्यांनी आधी त्याची मान बघितली. मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा आहे. मळ समजून मी तो सहा महिने रोज आंघोळीला घासत होते. "आई, दुखतंय" म्हणायचा, तरी घासायचे. डॉक्टर म्हणाले, हा मळ नाही, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ही खूण असते. वाढीच्या तक्त्यावर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, लठ्ठपणाच्या रेषेच्या बराच वर निघाला. रक्ताचे रिपोर्ट मंगळवारी मिळतील. तेव्हापासून त्याची मान पुसताना मला भरून येतं.

जन्मला तेव्हा सव्वादोन किलोचा होता. "अंगाला लागू दे" म्हणून आम्ही सगळ्यांनी भरवत भरवत मोठा केला. डॉक्टरांनी पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल सांगितलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं वजनाला इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून, असं त्यांना दिसलं होतं. अशा मुलांना भराभर वजन वाढणं जास्त बाधतं म्हणे. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

आता मुद्दा. अहो म्हणतात, त्याला वर्षभर खानापूर तालुक्यात आई-अण्णांकडे ठेवू. इथे पार्किंगमध्ये खेळायला बंदी, शाळेतून आला की क्लास. तिकडे निदान पळेल तरी. ते स्वतः दोन किलोमीटर चालत शाळेत जायचे, विहिरीत पोहायचे.

मीही आधी हो म्हटलं होतं. पण दिवाळीत गावी जे बघितलं ते डोक्यातून जात नाही. धाकट्या दिरांचा मुलगा सात वर्षांचा. कमरेचं बटण लागत नाही म्हणून जाऊबाईंनी त्याच्या चड्डीला नाडी घातलीय. जिल्हा परिषदेची शाळा वाड्याच्या मागेच आहे, पण त्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन दारातून उचलते आणि दारात सोडते. कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा छतापासून लोंबतायत. अण्णा रोज दहाची नोट देतात. सकाळी चहा-खारी, संध्याकाळी मोबाईल. सासूबाईंना बोलले तर म्हणाल्या, "बाळसं आहे गं, उंची वाढली की उतरेल. दृष्ट लावू नकोस."

म्हणून आकडे शोधले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ४.१ झालं. देशात त्या वेळी शहरात ४.२ आणि खेड्यात ३.२. म्हणजे अंतर जेमतेम एका टक्क्याचं! आणि त्याच सर्वेक्षणात आपल्या राज्यातली ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. कमी वजनाच्या पोरासाठी अंगणवाडीताई घरी येतात, वाढलेल्या वजनाच्या पुतण्याबद्दल मात्र घरात कुणालाच काळजी नाही.

मग मी लेकाला नक्की कुठे पाठवतेय?

तुमच्यापैकी कुणी मूल असं गावी ठेवलंय का? खरंच फरक पडला का, की आईबापांपासून लांब राहून ते जास्तच खायला लागलं? आजी-आजोबांचं मन न दुखवता खाऊचे पैसे कसे बंद करायचे? सासूबाईंचं प्रेम सगळं ताटातूनच व्यक्त होतं, ते मला तोडायचं नाहीये. आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्याच्याशी बोलायचं कसं? वर्गात त्याला 'गोलू' म्हणतात. पोहण्याच्या तासाला तो टी-शर्ट काढत नाही. वजन हा शब्द काढला की ताट सरकवून उठतो.

ताजी भर: काहींनी तो जेवतो काय ते विचारलंय. जेवण बेताचंच, दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. घोळ चार ते सात या वेळात आहे. मी ऑफिसात, तो एकटा, आणि बिस्किटांचा डबा हाताशी. कालपासून डबा काढून टाकलाय आणि शेंगदाणे, काकडी, ताक ठेवलंय. ताक प्यायला, काकडी तशीच होती. त्या तीन तासांत घरी कुणी मोठं माणूस नसताना तुम्ही काय सोय केलीत, तेही सांगा. गावच्या शाळेत प्रवेश घ्यायचा तर पंधरा तारखेच्या आत इथून दाखला काढावा लागेल.