पहिलाच गेमिंग संगणक असेंबल करताना : प्रोसेसरवर खर्च करावा की ग्राफिक्स कार्डावर?

रात्रपाळी

नमस्कार. आजवर लॅपटॉपवरच गेम खेळत आलो आहे. आता सुटे भाग घेऊन संगणक स्वतः असेंबल करावा असे ठरवले आहे. बरेच वाचले, चाचण्यांचे व्हिडिओ पाहिले, परंतु जितके पाहावे तितका गोंधळ वाढतो आहे. सध्याची यादी अशी आहे : रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, एक्स६७०ई चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या चार पट्ट्या, आरटीएक्स ५०६० टीआय ग्राफिक्स कार्ड (८ जीबीचे), १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ३६० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर, समोर अखंड काच असलेले कॅबिनेट आणि त्या कॅबिनेटसोबतच मिळणारा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. मॉनिटर आधीच घेतलेला आहे : २७ इंची, २५६०×१४४०, १६५ हर्ट्झ.

एकूण खर्च वाढवता येणार नाही, फक्त इकडचा तिकडे फिरवता येईल. प्रोसेसर वारंवार बदलला जात नाही म्हणून तिथे हात सैल सोडला. ग्राफिक्स कार्ड काय, पुढे केव्हाही बदलता येईल, असा माझा हिशेब आहे. तो बरोबर आहे का? शिवाय काही संकेतस्थळांवर दोन भागांची नावे दिली की ‘बॉटलनेक इतके टक्के’ (म्हणजे एक भाग दुसऱ्याला किती अडवतो) असा आकडा मिळतो. त्यावर विश्वास ठेवावा का?

तांब्याची तार

यादीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू आपण जाता जाता शेवटी लिहिली आहे, ती म्हणजे मॉनिटर. १९२०×१०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. आपल्या पडद्यावर ३६.९ लाख आहेत, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. हे पिक्सेल रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. प्रोसेसर गुंतलेला असतो तो पात्रांच्या हालचाली, वस्तूंच्या टकरी आणि कार्डाला द्यायच्या आज्ञा यांत, आणि हे काम रिझोल्यूशन वाढले म्हणून फारसे वाढत नाही. त्यामुळे १४४० वर खेळणाऱ्याने वरच्या श्रेणीचा प्रोसेसर आणि खालच्या श्रेणीचे कार्ड घेतले, तर प्रत्येक फ्रेमला (म्हणजे पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्राला) प्रोसेसर आपले काम आटोपून कार्डाची वाट पाहत बसणार.

टक्केवारी सांगणाऱ्या त्या संकेतस्थळांकडे सरळ दुर्लक्ष करावे. एकाच गेममध्ये गजबजलेल्या बाजारात प्रोसेसर कमी पडतो आणि दोन मिनिटांनी दाट जंगलात कार्ड कमी पडते. अशा स्थितीत दोन भागांच्या जोडीला एकच आकडा चिकटवण्याला काही अर्थ राहत नाही. घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे हे पाहायचे असेल, तर गेममधील एकाच जागी उभे राहून रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेमची संख्या भराभर वाढली तर अडसर कार्डाचा होता. ती जिथल्या तिथे राहिली तर प्रोसेसरचा. मित्राच्या संगणकावरही ही परीक्षा करता येते.

कार्डाच्या ८ जीबी स्मृतीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण इथे सरासरी फ्रेम दाखवणारे आलेख फसवे ठरतात. नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रे) उच्च दर्जावर ठेवले की १४४० वर ८ जीबी पुष्कळदा अपुरी पडते. मग मावत नाही ती माहिती मुख्य रॅममधून पीसीआय एक्सप्रेस या, कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाने ये-जा करू लागते. आरटीएक्स ५०६० टीआय या कार्डाला तो मार्ग सोळाऐवजी आठच लेनचा आहे. परिणाम असा दिसतो की सरासरी ठीकठाक असते, परंतु वळण घेताच चित्र क्षणभर अडखळते, किंवा समोरची भिंत आधी पुसट दिसून मग सावकाश स्पष्ट होते. काही गेम तर फ्रेमची संख्या टिकवण्यासाठी न विचारता हलक्या दर्जाचे टेक्स्चर वापरतात, आणि आलेखात त्याचा मागमूसही नसतो. म्हणून चाचण्या पाहताना सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा पाहावा, आणि कार्ड १६ जीबीचे, निदान १२ जीबीचे तरी घ्यावे.

पैसा कुठून काढायचा, तेही सांगतो. एक्स६७०ई मध्ये चिपसेटच्या दोन चिपा असतात; त्याने पोर्ट आणि लेन वाढतात, फ्रेम वाढत नाहीत. बी६५० किंवा बी८५० चा बरा बोर्ड आपल्याला पुरेल. चार पट्ट्यांचा बेत तर सोडूनच द्यावा : रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने अधिकृतपणे दिलेला वेग दोन पट्ट्यांना डीडीआर५-५२०० आणि चार पट्ट्यांना केवळ ३६०० आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेग अनेकदा मिळतो, पण चार पट्ट्या स्थिर ठेवण्याची कटकट नवख्याने का ओढवून घ्यावी? १६ जीबीच्या दोन पट्ट्या, वेग ६०००, लेटन्सी (प्रतिसादाचा विलंब) सीएल३०, एवढे पुरेसे आहे.

भिंगरी

वरील प्रतिसाद बहुतांशी पटला, तरी ‘प्रोसेसर हलका घ्या’ असा जो सूर त्यातून निघतो तो धागाकर्ते कोणते गेम खेळतात हे विचारल्याशिवाय लावणे घाईचे वाटते. ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच अतिवेगवान स्मृती) आहे. रायझन ५ ७६०० मध्ये ३२ एमबी. शहरे वसवण्याचे गेम, मोठ्या नकाशावरचे डावपेचाचे गेम, विमानोड्डाणाचे सिम्युलेटर यांत हजारो लहान-लहान घटकांचा हिशेब प्रत्येक क्षणी ठेवावा लागतो, आणि तो कॅशमध्ये मावला तर रॅमकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. अशा गेममध्ये खेळ रंगात आल्यावर जगातले महागातले महाग कार्डही उपयोगी पडत नाही.

स्पर्धात्मक नेमबाजीचेही तसेच आहे. १६५ हर्ट्झचा पडदा पूर्ण वापरायचा तर प्रत्येक फ्रेम सुमारे ६ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी, आणि हे गेम खेळणारे चित्राचा दर्जा मुद्दाम उतरवून ठेवत असल्यामुळे कार्ड मोकळे राहते व सगळा भार प्रोसेसरवर येतो. तेव्हा रात्रपाळी, आपण नेमके काय खेळता?

रात्रपाळी

दोघांचेही आभार. मी प्रामुख्याने कथाप्रधान, विस्तीर्ण मुक्त जगाचे गेम एकट्याने खेळतो. सुटीच्या दिवशी मित्रांसोबत नेमबाजीचा एखादा डाव होतो, पण त्यात हार-जीत कोणी मनावर घेत नाही. डावपेचाच्या गेमना मी हात लावत नाही.

तांब्याची तार

मग प्रश्न मिटला. रायझन ५ ७६०० घ्यावा. सहा कोअर, बारा थ्रेड आणि ६५ वॅटचा हा प्रोसेसर आपल्या पडद्यावर क्वचितच आडवा येईल.

प्रोसेसर बदलत नाही, कार्ड केव्हाही बदलता येते, हा आपला हिशेब मला उलटा का वाटतो, तेही स्पष्ट करतो. एएम५ सॉकेटवर (हा प्रोसेसर बोर्डवर जिथे बसतो त्या खोबणीवर) निदान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर येत राहतील असे एएमडीने जाहीर केलेले आहे. आधीच्या एएम४ सॉकेटचा अनुभव असा की २०१७ साली पहिल्या रायझनसोबत घेतलेल्या अनेक बोर्डांवर केवळ बायोस (बोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवता आला. म्हणजे या व्यवस्थेत नंतर सहज बदलता येणारा भाग खरे तर प्रोसेसरच आहे. लिक्विड कूलरही वगळावा. ६५ वॅटसाठी ३६० मिलिमीटरचा रेडिएटर ही निव्वळ शोभा आहे. साधा टॉवर एअर कूलर आवाजही कमी करतो आणि त्यात पंप बंद पडण्याची भीती नसते. हा सगळा वाचलेला पैसा कार्डात घातला, तर ५०६० टीआय ऐवजी आरएक्स ९०७० (१६ जीबी) किंवा आरटीएक्स ५०७० (१२ जीबी) यांच्या श्रेणीत पोहोचता येईल. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे वास्तवासारखे चित्रण) आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करण्याचे एनव्हिडियाचे तंत्र) यांची आवड असेल तर दुसरे. स्मृतीची चिंता नको असेल तर पहिले. मी स्वतः पहिले घेईन.

फ्यूजवाला

एवढी चर्चा झाली, परंतु कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या पॉवर सप्लायविषयी कोणी अवाक्षर काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. तो सर्वांत आधी यादीतून काढावा.

अशा सप्लायवर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले असते. त्या मोठ्या आकड्याकडे न पाहता बाजूच्या लेबलवरील तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. तिथे समजा २५ अँपिअर लिहिले असतील तर खऱ्या कामाची शक्ती १२ गुणिले २५ म्हणजे ३०० वॅटच आहे, उरलेला आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाहिन्यांची भर घालून फुगवलेला असतो. ८० प्लस गोल्ड, ब्राँझ या बिल्ल्यांनीही हुरळून जाऊ नये. ते फक्त कार्यक्षमता सांगतात; शॉर्ट सर्किट किंवा अतिभार झाल्यास संरक्षण वेळेवर काम करते का, हे त्या बिल्ल्यावरून कळत नाही. त्यासाठी यंत्रावर भार देऊन केलेल्या तपशीलवार चाचण्याच वाचाव्या लागतात.

दुसरी गोष्ट क्षणिक उसळीची. ग्राफिक्स कार्ड सरासरीने २२० वॅट घेत असले तरी मिलिसेकंदाहून कमी काळासाठी ते त्याहून पुष्कळ जास्त वीज ओढते. जुन्या धाटणीचा, जेमतेम क्षमतेचा सप्लाय ही उसळी अतिभार समजून स्वतःला बंद करतो, आणि खेळणाऱ्याला दिसते ते एवढेच की ऐन लढाईत संगणक रीस्टार्ट झाला. मग विंडोज पुन्हा टाका, ड्रायव्हर बदला, रॅम तपासा, असे उद्योग सुरू होतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात यासाठीच अट घातली गेली की सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद पेलला पाहिजे. आपला हिशेब असा : प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्ड २२० ते २५०, बाकी सारे मिळून पन्नास-साठ. एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा, चांगल्या बनावटीचा ६५० वॅटचा सप्लाय यासाठी ऐसपैस आहे. ८५० आणि १००० च्या मागे लागण्याचे कारण नाही.

एक इशारा देतो, तो विसरू नये. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या, सप्लायच्या केबलचे सप्लायकडील टोक कोणत्याही मानकाने बांधलेले नाही. दुसऱ्या सप्लायची केबल खोबणीत अगदी चपखल बसेल आणि तरीही चुकीच्या तारेवर १२ व्होल्ट देऊन एसएसडी किंवा बोर्ड जाळून टाकेल. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही हा फरक असू शकतो. जुन्या केबल हाताशी असल्या तरी नव्या सप्लायच्या पेटीतल्याच वापराव्यात.

भिंगरी

जुळवणीविषयी दोन-चार गोष्टी सांगते, कारण पहिल्या वेळी माणूस घाबरतो ते नेमके याच ठिकाणी.

एएम५ सॉकेटवर काळे प्लॅस्टिकचे झाकण असते. ते आधी ओढून काढायचे नसते. प्रोसेसर कोपऱ्यातील त्रिकोणी खूण जुळवून नुसता ठेवायचा, चौकट मिटवायची आणि तरफ खाली दाबायची. तरफ दाबताना बऱ्यापैकी जोर लागतो, कुरकुर ऐकू येते आणि झाकण आपोआप निसटून वर येते. काहीतरी मोडले असे वाटते, पण ते तसेच व्हायचे असते. झाकण जपून ठेवा, वॉरंटीसाठी बोर्ड परत पाठवताना ते लागते. कूलरच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक कागद मात्र काढायलाच हवा.

रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावाव्यात. प्रथम चालू केल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहील आणि बोर्डवर ‘डीरॅम’ शब्दाजवळचा दिवा जळत राहील. बोर्ड रॅमशी वेळा जुळवून घेत असतो. त्या वेळी बटण दाबून संगणक बंद करू नये. पहिले चित्र दिसल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सपो (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करावे, नाहीतर ६००० ची रॅम मुकाट्याने ४८०० वर चालत राहते. मॉनिटरची केबल बोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावावी, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १६५ निवडावा. तो पुष्कळदा ६० वरच असतो आणि लोक महिनोन्‌महिने तसेच खेळतात.

आणि हो, समोरची काच नको. पंख्यांना हवा ओढायला वाट हवी. जाळीचे कॅबिनेट घ्या आणि कार्डाची लांबी त्यात मावते का, ते मिलिमीटरमध्ये ताडून पाहा.

रात्रपाळी

यादी बदलली : रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६ जीबीच्या दोन पट्ट्या, आरएक्स ९०७०, टॉवर कूलर, जाळीचे कॅबिनेट, ६५० वॅटचा एटीएक्स ३.१ सप्लाय. एसएसडी १ टीबीचीच ठेवली आहे, कारण बोर्डवर दुसरी एम.२ खाच (एसएसडी बसवायची जागा) आहे. शेवटची एक शंका : मी निवडलेल्या कार्डाला आठ-पिनी दोन जोडण्या आहेत. सप्लायच्या एकाच केबलला टोकाशी अशी दोन तोंडे असतात. ती वापरावी की दोन वेगळ्या केबल लावाव्यात?

फ्यूजवाला

दोन वेगळ्या लावाव्यात. आठ-पिनी एका जोडणीला १५० वॅट आणि बोर्डच्या खाचेला ७५ वॅट अशी मर्यादा ठरलेली आहे, त्यामुळे २२० वॅटचे कार्ड एका केबलवरही बहुधा चालेल; परंतु भार दोन केबलमध्ये वाटला की तारा आणि पिना कमी तापतात, आणि सप्लायच्या पेटीत दुसरी केबल असताना ती न वापरण्याचे कारण नाही. फक्त ‘पीसीआयई’ लिहिलेलीच उचला. ‘सीपीयू’ लिहिलेली आठ-पिनी केबल जवळजवळ तशीच दिसते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू उलट असतात. पिनांचे आकार वेगळे असल्याने ती सहजासहजी आत जात नाही, तेव्हा एखादी जोडणी अडली तर रेटू नका; बाहेर काढून तिच्यावरचे नाव वाचा.