लाकडी कटवर्कमध्ये काचेसारखे रंग भरायचे आहेत: गोंद, रेझिन की शीट?

निवांत
जाणकारांनी प्रकाश टाकावा, आणि या वेळी अगदी शब्दशः. स्क्रोल सॉवर (बारीक पात्याची नक्षी कापायची मशीन करवत) ३ मिमी बर्च प्लायमधून टांगायची फुलपाखरं कापतोय. पंखाला १४ खिडक्या, सगळ्यात छोटी जेमतेम ४ मिमीची. खिडकीत टांगली की उजेड आरपार यावा आणि रंगीत काच बसवल्यासारखं दिसावं, एवढीच इच्छा. खरी काच कापायची हिंमत नाही.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. मागे सेलोटेप लावून दोन बाटल्यांचं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळलं की कडक होतं ते) ओतलं, रंगासाठी लेकीच्या पेटीतला पोस्टर कलर घातला. दुसऱ्या दिवशी उजेडासमोर धरलं तर काच कुठली, जुन्या बादलीचा तुकडा वाटत होता. वर बोट टेकवलं की ठसा उमटतो. कडेकडेनं निळा रंग लाकडात मुरलाय तो वेगळाच. नेमकं काय वापरू? आगाऊ धन्यवाद.

भुसाप्रेमी
पोस्टर कलर हाच गुन्हेगार आहे. तो कागद झाकायला बनवलेला असतो, त्यातून उजेड जाणार कसा? शिवाय त्यात पाणी, आणि इपॉक्सीचं पाण्याशी वाकडं. रेझिनसाठी मिळणारा पारदर्शक डाय किंवा अल्कोहोल इंक घ्या. तेही थेंबाथेंबानं, कारण रंग जास्त झाला की रेझिन नीट कडक होत नाही.

चिकटपणाचं दुसरं कारण प्रमाण असू शकतं. बाटलीवर १:१ लिहिलेलं मापाचं आहे की वजनाचं, ते बघा. रेझिन आणि हार्डनरची घनता सारखी नसते, त्यामुळे मापाचं प्रमाण काट्यावर तोललं तर गणित चुकतं. कपाच्या कडा खरवडत ३ मिनिटं सावकाश ढवळा, मग दुसऱ्या कोरड्या कपात ओतून परत ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेला माल चिकटून राहतो आणि शेवटी नेमका तोच तुमच्या पंखात पडतो.

चिकटपट्टी
एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा पांढरा गोंद घ्या ना! त्यात दोन थेंब शाई, छोट्या खिडकीत सोडा, वाळला की पारदर्शक होतो. मी असे ढिगानं केलेत.

करवतीण
@चिकटपट्टी, ४ मिमीच्या खिडकीत चालून जाईल. मोठ्या खिडकीत मात्र गोंदातलं पाणी उडालं की मधे खळगा पडतो, दोन-तीनदा भरावं लागतं. दमट हवेत तो मऊ पडतो आणि पांढुरका दिसायला लागतो. आणि खिडकीची काच म्हणजे ओल धरायची हक्काची जागा.

निवांत, तुमचा खरा घोटाळा रंगाच्या आधीच झालाय. कापलेली कड बंद केली नाहीत ना? प्लायची कापलेली कड म्हणजे उघड्या नळ्यांची जुडी असते. रंग त्यातून आत शिरतो आणि आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. रेझिन आळायला लागलं की ते बुडबुडे कडेशीच अडकतात.

मी करते ते असं. आधी सुईकानशीनं आतल्या कडांची लव काढते. स्पायरल ब्लेडनं (पिळाच्या पात्यानं) कापलं असेल तर मागच्या बाजूला ही लव फार असते, आणि तिच्यामुळे टेप नीट बसत नाही. मग बारीक ब्रशनं मेण काढलेल्या शेलॅकचे (लाखेच्या वार्निशचे) दोन पातळ हात, प्रत्येक खिडकीच्या आतल्या भिंतीवर. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसरा वर दिसतो. जवस तेल किंवा मेण आधी अजिबात लावू नका, रेझिन धरत नाही. ते काम सगळ्यात शेवटी.

आतली भिंत शेलॅकच्या आधी काळी रंगवलीत तर फरक बघाच. कोऱ्या लाकडाची पिवळट झाक बाजूनं रंगात उतरते, निळा जरा हिरवट वाटतो. काळ्या भिंतीत तोच निळा टोकदार दिसतो आणि मधल्या पट्ट्या रंगीत काचा जोडणाऱ्या शिसं धातूच्या पट्ट्यांसारख्या वाटतात.

उजेडवाला
मी रेझिनच्या वाटेलाच जात नाही. टांगायची वस्तू फिरते, दोन्ही बाजू दिसतात. म्हणून प्लायचे दोन तुकडे दुहेरी टेपनं एकावर एक चिकटवून एकदम कापतो. तंतोतंत जुळे निघतात. मग सोडवून मधे रंगवलेली पारदर्शक शीट घालायची. झालं सँडविच.

शीटवर कापलेलं लाकूड ठेवून आतून बारीक पेनानं रेघ मारा आणि ग्लास पेंट रेघेच्या १ मिमी बाहेरपर्यंत जाऊ द्या. हात हलला तरी लाकडाखाली लपतं. पण त्यासाठी खिडक्यांमधली पट्टी निदान ३ मिमी हवी. बाटली हलवू नका, बुडबुडे होतात. आणि चिकटवताना सुपरग्लू चुकूनही नको. त्याची वाफ शीटवर बसून पांढरी धूसर झाक येते, ती पुसून जात नाही. चार रात्रींचं काम घालवून शिकलोय.

निवांत
सगळ्यांचे आभार! सँडविचची कल्पना झकास आहे, पण माझ्या पट्ट्या २ मिमीच्या. म्हणजे रेझिनच. बायकोचा नेलपॉलिशचा यूव्ही दिवा आहे, त्यावर यूव्ही रेझिन (अतिनील उजेडात कडक होणारं) चालेल का? २४ तास थांबायचा धीर नाही.

करवतीण
चालेल, फक्त रेझिनला लागणारी तरंगलांबी आणि दिव्यावर लिहिलेली जुळते का ते बघा, साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या आत असते. ३ मिमी एका दमात भरू नका. मिलिमीटरभराचा थर, दिवा, मग पुढचा थर. गडद रंग उजेड वरच्या वर खातो, त्यामुळे वर साय आणि खाली पातळ, असं होतं. पारदर्शक टेप असेल तर उलटं करून मागूनही दिवा दाखवा. वरचा थर हवेमुळे थोडा चिकट राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

रंग कपात काळाकुट्ट दिसतो, त्यावर जाऊ नका. एक थेंब पांढऱ्या कागदावर पसरून बघा.

नायट्राइलचे हातमोजे घालाच. मी दोन वर्षं उघड्या हातांनी काम केलं, आता न आळलेलं रेझिन नुसतं लागलं तरी मनगटाला पुरळ येतं. एकदा शरीरानं धरलं की सोडत नाही.

भुसाप्रेमी
+१. आणि बुडबुडे फोडायला लायटर फिरवणाऱ्यांनो, अल्कोहोल इंक जवळ उघडी असताना नको. टाचणीनंही फुटतात.

मौनी
वाखुसा (वाचनखूण साठवली).

निवांत
अपडेट. टाकाऊ प्लायवर तेच फुलपाखरू पुन्हा कापलं. डाव्या पंखाला काळा रंग आणि शेलॅक, उजवा मुद्दाम कोरा. दोन्हीत तोच अंबर आणि तोच निळा. उजव्यात प्रत्येक खिडकीच्या कडेला मण्यांची माळ ओवल्यासारखे बुडबुडे. डावा स्वच्छ! सकाळी टेबलावर रंगाचे ठिपके पडले तेव्हा लेक चहा सोडून बघायला आली, पोस्टर कलरच्या खुनाबद्दल माफीही मिळाली.

आता एकच. टेप काढल्यावर मागे गोंदाचा चिकट राप राहिलाय. आयसोप्रोपिल आहेच हाताशी, त्यानंच चोळून काढतो.

करवतीण
थांबा! शेलॅक अल्कोहोलमध्येच विरघळतं. मी वर पुसायला सांगितलं ते फक्त रेझिनच्या पृष्ठभागापुरतं, तेही फडक्याच्या टोकानं. तुम्ही भिजवून चोळलंत तर काळा रंग उघडा पडेल. मिनरल टर्पेंटाइन फडक्यावर घ्या, अगदी थोडं, खिडकी उघडी ठेवून. राप निघेल, शेलॅक जागेवर राहील.

निवांत
बाटलीचं झाकण उघडून बसलो होतो हो ताई. बंद केलं.