जुनी ब्रिटिश साप्ताहिक कॉमिक्स, मुखपृष्ठांसाठी: सुरुवात कुठून करू?

लीड्सची_माई: नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी कार बूट सेलमध्ये (गाडीची डिकी उघडून जुनंपानं विकतात, तो बाजार) १९५०च्या दशकातले 'ईगल'चे तीन अंक दोन-दोन पौंडांना मिळाले. पहिल्या पानावर अंतराळवीर डॅन डेअर, आणि काय ते रंग! तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. महिन्याला तीसेक पौंड खर्चायची तयारी आहे. पहिले अंक शोधू का? आणि मुखपृष्ठं सुटी काढून जिन्यात फ्रेम करून लावली तर?

रद्दीत_रमलेला: माई, हात जोडतो, पानं सुटी करू नका! 'ईगल'चं पहिलं पान म्हणजे गोष्टच असते. डॅन डेअर तिथे सुरू होतो आणि पान उलटलं की पुढे जातो. भिंतीवर टांगलात तर बिचारा जन्मभर संकटातच लटकेल. शिवाय उन्हाने रंग उडतात. रंगीत प्रत काढून ती लावा.

रंगांचं श्रेय फ्रँक हॅम्पसन आणि त्याच्या स्टुडिओला. हे लोक यानांची मॉडेलं बनवत, एकमेकांना पोझ द्यायला लावून फोटो काढत, मग चित्र. त्यात छपाई ग्रॅव्ह्युअरची, म्हणजे कोरीव रुळांवरून होणारी. शेजारी त्या काळातलं 'बीनो' हे विनोदी साप्ताहिक ठेवून बघा, कागदापासूनच फरक कळेल.

पहिल्या अंकांचा नाद सोडा. 'डँडी' डिसेंबर १९३७चा, 'बीनो' जुलै १९३८चा; पुढे युद्धात घराघरातली रद्दी गोळा झाली. उरलेल्या प्रतींचे भाव तुमच्या-माझ्यासाठी नाहीत.

कमांडो_काका: आमचं वेड पुण्यात रद्दीच्या दुकानातून सुरू झालं, 'कमांडो' या युद्धकथांच्या चिमुकल्या अंकांपासून. ती साप्ताहिकं नव्हेत, पण मुखपृष्ठं बघाच.

रद्दीत_रमलेला: काका बरोबर, पण माईंना साप्ताहिकं हवीत. मुखपृष्ठंच हवी असतील तर माझं मत 'टीव्ही सेंच्युरी २१'ला. १९६५ साली निघालं, पण पहिलं पान वर्तमानपत्रासारखं आणि वर तारीख २०६५ची! मथळे, बातम्या, सगळा थाट भविष्यातल्या पेपरचा. याहून चलाख मुखपृष्ठ मी पाहिलेलं नाही.

मारधाड आवडत असेल तर 'बॅटल' आणि '२००० एडी'. 'ॲक्शन' १९७६चं, हिंसेवरून इतकी ओरड झाली की २३ ऑक्टोबरचा अंक छापून लगद्यात घातला. तो कोणी स्वस्तात देऊ केला तर आधी शंका घ्या.

आणि मुखपृष्ठावर 'वाचकांसाठी आनंदाची बातमी' दिसली की समजायचं, साप्ताहिकाचे दिवस भरले, आता ते दुसऱ्यात विलीन होणार. 'ईगल' १९६९ साली असंच 'लायन'च्या पदरात पडलं. असे अंक मी मुद्दाम जमवतो.

कसर_निवारक: साठवणीचं कोणी बोलतच नाही! स्वस्त पीव्हीसी पाकिटं घेऊ नका. एकाने मला 'खास कॉमिक्ससाठी' म्हणून विकली होती. चार वर्षांनी मुखपृष्ठाची शाई प्लॅस्टिकला चिकटून आली. पॉलिएस्टरची घ्या, मागे आम्लरहित पुठ्ठा. 'ईगल' ए४ फाइलमध्ये मावत नाही, दुमडू नका. पिना गंजल्या असतील तर त्यांच्याभोवती तपकिरी डाग दिसतो. तो आधी बघा, मग भाव करा. पोटमाळ्यावर ठेवू नका, ओल लागते.

लीड्सची_माई: बरं, कात्री ठेवून दिली. तिन्ही अंकांवर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने २७ लिहिलंय. खोडू का?

रद्दीत_रमलेला: अजिबात नको! पेपरवाल्या पोराला अंक कुठे टाकायचा ते कळावं म्हणून दुकानदार घर नंबर लिहीत. काही विक्रेते त्यापायी भाव पाडतात. पाडू देत, आपल्यालाच स्वस्त पडतं.

लीड्सची_माई: म्हणजे तिन्ही एकाच घरचे! रविवारी परत जाते. २७ नंबरवाल्यांचा उरलेला गठ्ठा अजून त्या डिकीत असला तर बघते.